बाईला संगं न्यायचं

१ जानेवारी २०००, शनिवार

पशुखाद्याच्या कंपनीचा माणूस दरवर्षी कॅलेंडर देतो, यंदा सन बदलला म्हणून डायरी दिली. दिली बापूसाहेबांना. त्यांनी उघडूनही पाहिली नाही, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "हनुमंता, तुझं अक्षर मोत्यासारखं हाय, तूच लिही काय लिहायचं ते." अक्षर चांगलं असलं की सांगण्यासारखंही काही असतं, असं मोठ्या लोकांना का वाटतं कोण जाणे.

तर लिहितो. मी हनुमंत, मुक्काम न्हावरे, बापूसाहेबांच्या दूध प्लँटवर सुपरवायझर. बाप मेंढरं घेऊन घोड नदीपासून कोकणापर्यंत चालायचा आणि मी एका जागी बसून लोकांच्या दुधाची फॅट मोजतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पिंपरीला कंपनीत आहे, सणासुदीला येतो. घरात मी आणि माझी थोरली बहीण, म्हाळसाआक्का. भाकरी तिची आणि बोलणीही तिचीच.

सन दोन हजार लागताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणत होते. आमचं फॅटचं मशीन सकाळी नेहमीसारखं सुरू झालं आणि म्हशींनी दूधही दिलं.

६ जानेवारी, गुरुवार

पॅकिंगमधली नकुशी आज डाव्या हाताची बोटं सुजवून आली. पिशव्या क्रेटमध्ये लावता येईनात. काय झालं विचारलं, तर म्हणाली, मामा, म्हशीनं दाव्याला हिसका दिला. मी म्हटलं, म्हैस माजावर असेल, जपून धरत जा. मला जनावरातलं कळतं.

भामाबाई पॅकिंगची मुख्य आहे, गावातल्या बचत गटाचीही तीच पुढारीण. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, त्या म्हशीला मिशा हायत."

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा वाईट वाटलं. नकुशीचा नवरा पोपट रोज सकाळी चार म्हशींचं दूध आमच्याच प्लँटवर घालतो. भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. त्याचा हात ढोलकीवर पडला की म्हाताऱ्या माणसाचेही पाय हलतात. तोच हात असं करत असेल हे मनाला पटत नाही.

बापूसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, घरोघरी मातीच्या चुली, आपण कुणाकुणाच्या चुलीत डोकावणार. पण मग स्वतःच म्हणाले की याच कारणानं दर महिन्याला कुणी ना कुणी बाई घरी बसते, पॅकिंग अडतं, पुण्याची गाडी थांबते. शेवटी हुकूम झाला: "काहीतरी बघ." साहेबांचं हे 'काहीतरी' नेहमी माझ्याच वाट्याला येतं.

१७ जानेवारी, सोमवार

संक्रांत झाली. पोपटनं प्लँटवर सगळ्यांना तिळगूळ वाटला, मलाही वाकून दिला. त्याला काही बोलायचं ठरवलं होतं, पण तिळगूळ तोंडात असताना कसं बोलणार.

दिवसभर मन जुन्या दिवसांत गेलं होतं. थंडी पडली, कांद्याच्या वाफ्यांना पाणी सुटलं, त्या ओल्या मातीचा वास आला की मला वाडा आठवतो. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे, आमचा चालता वाडा. मेंढरं, घोडी, कुत्री, सात-आठ बिऱ्हाडं. दिवाळी झाली की निघायचं, भीमा ओलांडायची, घाट उतरून कोकणात जायचं. जिथं मेंढरं बसली तिथं आमचं गाव. दार नाही, भिंत नाही. एका बिऱ्हाडात मूल रडलं तर सगळा वाडा जागा. कुणाच्या तव्यावर भाकरी आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याच्या तव्यावर नाही त्याच्याकडे ती आपोआप पोचायची. आता सिमेंटची घरं झाली, प्रत्येकाला दार आलं आणि कडी आली. सुख झालं, नाही कसं म्हणू. पण शेजारी जेवला का हे आता विचारावं लागतं.

आमच्या वाड्यात एक रीत होती. बाकीच्या वाड्यांत होती की नाही मला ठाऊक नाही. गड्यानं बायकोला मारलं की भांडण नाही, पंचायत नाही. दुसऱ्या दिवशी फटफटताना वाडा हलायचा आणि त्या गड्याचं बिऱ्हाड तेवढं कुणी उचलायचं नाही. राहायचा तो तिथंच माळावर, आपल्या मडक्यांपाशी. मी लहान होतो, एकदाच पाहिलं. पाठमोरा बसलेला गडी, कोण होता आठवत नाही. आम्ही पोरं फिदीफिदी हसत होतो.

तो दिवस मात्र लख्ख आठवतो. आईनं मला घोड्यावर बसवलं, घोडं आक्कानं धरलं होतं. नदीत आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, तोंडावर पाणी मारलं आणि कशाला तरी हसली. ती फारशी हसायची नाही. मग पदराची गाठ सोडून मला गुळाचा खडा दिला. दादा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा सोबत नव्हते, चुकलेलं मेंढरू हुडकायला मागं राहिले होते. दोन दिवसांनी आले. सबंध आयुष्यात सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

जेवताना आक्काला ही आठवण सांगितली. ती उठून चुलीतली लाकडं मागं ओढत बसली. वय झालं तिचं, पहिल्यासारखं आठवत नसणार.

२३ जानेवारी, रविवार

मारुतीच्या देवळापुढे बैठक झाली. बापूसाहेब स्वतः आले, सरपंच आले, बचत गटाच्या झाडून सगळ्या बायका आल्या. प्लँटचा मालक आणि गाव अशा कामासाठी एका सतरंजीवर बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. पोपट तेवढा नव्हता, इनामगावला भजनाला गेला होता.

कुणी म्हणालं दारू बंद करा. पोपट दारूला शिवत नाही, मग काय बंद करणार. गुरुजी म्हणाले, प्रबोधन करू, भिंतीवर सुविचार लिहू. सरपंच म्हणाले, त्याला कामधंद्याचा ताण असेल. मग मी उठलो आणि वाड्यातली रीत सांगितली. अशी सांगितली की माझं मलाच नवल वाटलं. सगळे कान देऊन ऐकत होते. माळावर एकटा बसलेला गडी सांगितला तेव्हा बायकांनी टाळ्या दिल्या एकमेकींना.

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं. पोपटचं बिऱ्हाड उचलायचं न्हाई. त्याचं दूध बंद."

तो देवळापुढे येऊन सगळ्यांसमक्ष हात जोडेपर्यंत न्हावऱ्यात कुणी त्याचं दूध घ्यायचं नाही, असं ठरलं. आसपासच्या संकलन केंद्रांना बापूसाहेब फोन करणार, इनामगावला मी लूनावर जाऊन सांगणार. भामाबाई काहीतरी बोलायला उठली होती, पण तोवर सतरंजी गोळा करायला लागले.

नकुशीही आली होती, मागे खांबाला टेकून बसली होती. आपल्यासाठी सगळं गाव जमलं म्हणून संकोचली असणार.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदन, जिलेबी. त्याच्या आधी फाटकावर पोपटचे कॅन परत केले. मी म्हटलं, पोपटराव, का ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं कॅन पुन्हा सायकलला अडकवले आणि तो गेला. मागून पाहताना मला तो माळावरचा गडीच दिसला. आपल्या वाडवडिलांची रीत पन्नास वर्षांनी उपयोगी पडली, ऊर भरून आला. पोरगा फोनवर म्हणाला, आबा, हे पेपरात द्या.

नकुशी आज कामावर नव्हती. सुट्टीच होती म्हणा निम्मी.

२९ जानेवारी, शनिवार

झालं. काम फत्ते.

पोपट एसटी स्टँडवर भेटला, स्वतः जवळ आला, हात जोडले. म्हणाला, "मामा, चुकलो. तिला यवतला भावाकडं धाडलंय, जरा आराम पडंल तिला. ती आली की दोघं जोडीनं मारुतीला येतो." डोळ्यांत पाणी होतं. तसाच बापूसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बघ हनुमंता, माणूस वाईट नसतो, त्याला फक्त दाखवून द्यावं लागतं. दाखवून कुणी दिलं ते मी मनातच ठेवलं.

भामाबाईला मात्र आनंद म्हणून नाही. "नकुशीला तुम्ही तुमच्या डोळ्यानं बघितली का?" मी म्हटलं, हात जोडून माणूस खोटं कशाला बोलेल. बायकांना संशय फार.

येताना पोपटच्या घरावरून आलो. दाराला बाहेरून कुलूप होतं, पण धुराड्यातून धूर येत होता आणि खव्याचा काय घमघमाट सुटला होता. घरातून ढोलकी मात्र ऐकू आली नाही. बाहेर दूध घेत नाहीत म्हणून गडी खवा आटवायला शिकलेला दिसतो. संकट आलं की माणूस शहाणा होतो.

२ फेब्रुवारी, बुधवार

आज अक्षराचं काही खरं नाही.

कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला म्हणून सकाळी यवतला गेलो होतो. पट्टा घेतला आणि हायवेच्या धाब्यावर चहाला थांबलो. नकुशीचा भाऊ संपत तिथंच भट्टीवर असतो. म्हटलं, चला, पोरीची खुशाली विचारू. मी बसलो तोच त्यानं मला विचारलं, "मामा, आमची ताई कशी हाय? दिवाळीपासनं आलीच न्हाई."

चहा तसाच राहिला. कुलूप, धूर आणि खव्याचा वास, तिन्ही एकदम डोक्यात आले. समोरच्या एसटीडी बूथमधून प्लँटला फोन लावला. भामाबाईला बोलवा म्हटलं. तिला एवढंच सांगितलं की नकुशी यवतला नाही. ती पुढचं ऐकायलाही थांबली नाही, रिसीव्हर लोंबकळत राहिला असणार, कारण मला मशीनचा आवाज येत होता आणि मग तो बंद झाला. पॅकिंग बंद पडलं होतं.

मी आणि संपत एसटीनं चौफुल्याला आणि तिथून मिळेल त्या टेम्पोनं न्हावऱ्याला पोचलो, तोवर सगळं होऊन गेलं होतं. पॅकिंगच्या सगळ्या बायका एप्रन आणि टोप्यांसकट पोपटच्या दारात गेल्या होत्या. कुलूप वरवंट्यानं फोडलं. आत चुलीपुढे नकुशी, शेजारी तिची सहा वर्षांची धनश्री. दूध नासू नये म्हणून दिवसभर खवा आटवायला बसवलं होतं. तळाला लागला म्हणून लोखंडी उलथन्यानं मारलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. आणि मोडलेल्या हाडानं ती तीन दिवस उलथनं फिरवत होती. मी ज्या खव्याचा वास घेऊन खूश झालो तो तिनंच आटवला होता.

बापूसाहेबांची जीप तिला शिरूरला दवाखान्यात घेऊन गेली. मला कुणी काही बोललं नाही. एखाद्यानं बोलायला हवं होतं.

३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात गेलो. हात गळ्याशी बांधलेला, डोळे मिटलेले. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं होतं, हवालदार येऊन तिचा जबाब घेऊन गेले. पोपटला संध्याकाळी धरलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. घरी आलो आणि आक्कापुढे बसलो. म्हटलं, आक्का, रीत तर तीच होती, मग असं कसं झालं. वाड्यात तर एकदा मागं ठेवलेला गडी सरळ व्हायचा.

आक्का धान्य निवडत होती. सूप खाली ठेवलं तिनं.

"कुणी सांगितलं तुला गड्याला मागं ठिवायचो म्हणून? आम्ही बाईला संगं न्यायचो. तिची पोरं, तिची मेंढरं, तिचं घोडं, समदं पुढं काढायचो. मग जो मागं ऱ्हायचा तो ऱ्हायचा. तुम्ही बाईला त्याच्याच घरात ठिवली आन् वर त्याचं दूध बंद केलं. त्यो राग कुणावर काढणार, बापूसाहेबावर?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण ती माझ्याच अंगावर फेकून सूप घेऊन उठली. मग दारात थांबली.

"आन् तुला आठवत न्हाई म्हणतोस त्यो गडी. त्यो आपला दादा हुता, हनुमंता. त्याच्या आदल्या राती आईचा कान फुटला हुता. म्हणून ती नदीत तोंड धूत हुती."

मी म्हटलं, मग ती हसली कशाला?

"तिला ठाव हुतं ना, त्यो मागं हाय म्हणून."

पुढं काय लिहू. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस मी गेली पन्नास वर्षं जपून ठेवला होता, पोराला सांगितला, नातवाला सांगितला. दादांवर माझा जीव होता, अजून आहे. त्यांनी मला पोहायला शिकवलं. आणि आई त्या दिवशी हसली ती ते नव्हते म्हणून. मला आज रडू आलं, या वयात, आक्कासमोर. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चहा ठेवला.

५ फेब्रुवारी, शनिवार

आज भामाबाईनं साधी गोष्ट केली, जी देवळापुढे कुणीच केली नव्हती. तिनं नकुशीला विचारलं, तुला काय पाहिजे. मी आणि बापूसाहेब दोघंही खाटेशी उभे होतो.

मला वाटलं होतं ती म्हणेल त्याला फाशी द्या, नाहीतर म्हणेल त्याला सोडा. ती म्हणाली, "माझ्या म्हशी आणा." चारांतल्या दोन तिच्या बापानं दिलेल्या पारड्या होत्या, तिनं वाढवलेल्या. मग म्हणाली, दूध माझ्या नावावर घाला. आणि धनश्रीची शाळा मोडायची नाही, म्हणून यवतला भावाकडे जायचं नाही, न्हावऱ्यातच राहायचं. आतून कडी लागेल अशी एक खोली पाहिजे.

बापूसाहेब एवढा वेळ छताकडे बघत होते. म्हणाले, प्लँटमागं वॉचमनची खोली रिकामी आहे, तो गावातूनच येतो. भामाबाई म्हणाली, कडी बाहेरून हाय तिला. ते म्हणाले, "मग काढा ना बाहेरची. आतून लावा. ह्यात काय एवढं."

८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नकुशीचं बिऱ्हाड हललं. पोपट अजून कोठडीत होता, घरात त्याची आई. तिनं आधी शिव्या दिल्या आणि मग म्हशी सोडताना तीच दावं धरून उभी राहिली. तीही कधीकाळी सून होतीच.

दुधाच्या टेम्पोत भांडी, गोधड्या, धनश्रीचं दप्तर. म्हशी मात्र टेम्पोत चढेनात म्हणून चालत नेल्या. पुढे भामाबाई, मागे पॅकिंगच्या बायका, मधे नकुशी, हात अजून गळ्याशी बांधलेला. सगळं गाव ओट्यावर येऊन बघत होतं. मी एका म्हशीचं दावं धरलं होतं. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा कुणीतरी बायकांतलीच म्हणाली, मामा, तुम्हाला हे काम बरं जमतंय. रक्तातच आहे म्हटलं.

आक्का फाटकाशी येऊन उभी होती. काठी टेकत एवढ्या लांब ती कधी आली ते मला ठाऊक नाही.

१ मार्च, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणजे सगळं बरं चाललं आहे.

आता प्लँटवर एक पद्धत पडली आहे. पॅकिंगची बाई न सांगता आली नाही की त्याच दिवशी दोघीजणी टेम्पोनं तिच्या घरी जातात. नवऱ्याला, सासूला विचारायचं नाही. बाईला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, तिच्याशी एकटीशी बोलायचं आणि मग परत यायचं. तो वेळ कामाचाच धरायचा असं बापूसाहेबांनी सांगितलं. आंबळ्याच्या, निमोण्याच्या बचत गटांनाही भामाबाईनं हे शिकवलं, तिथल्या बाया आपापल्या गावात जाऊन बघतात. बहुतेक वेळा ताप असतो, नाहीतर पाहुणे. एकदा मात्र दोघी परत आल्या त्या तिसरीला घेऊनच. ती रात्रभर नकुशीकडे राहिली आणि सकाळी तिची आई येऊन तिला घेऊन गेली.

बापूसाहेब आता पाहुण्यांना हे सगळं आपण सुरू केलं म्हणून सांगतात. सांगू देत.

नकुशीच्या दुधाला फॅट चांगली लागते. धनश्री शाळेतून येते आणि म्हशीच्या पाठीवर बसून पाढे म्हणते. सातवर अडकते.

१४ मार्च, मंगळवार

आज सगळं पुन्हा पहिल्यावर येऊन ठेपलं होतं.

पोपट जामिनावर सुटून आला तेव्हापासून त्याची भावकी बापूसाहेबांच्या बंगल्यावर खेपा घालत होती. सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे आणि ती भावकी मोठी आहे. काल बापूसाहेबांनी मला हळूच सांगितलं, बॉयलरवर नवा माणूस येतोय, त्याला वॉचमनची खोली लागेल. मी हो साहेब म्हटलं. पोट भरायला लागल्यापासून मी त्यांना दुसरं काही म्हटलेलंच नाही. रात्री झोप कसली ती नाही.

आज सकाळी ऑफिसात पोपट, त्याचा चुलता हौसराव आणि आणखी चार मोठी माणसं. पोपट खाली जमिनीवर बसला होता, वाळला आहे. म्हणाला, भैरोबाच्या पायाची आण घेतो, बोट लावणार नाही. आणि रडला. खरं रडला. मला त्याची ढोलकी आठवली आणि खोटं कशाला लिहू, माझंही मन विरघळलं. हौसराव म्हणाला, लेकरू बापाविना वाढतंय, बाईला जरा समजावा. बापूसाहेबांनी नकुशीला बोलावलं.

ती एप्रन घालून तशीच आली. हात आता सुटा झाला आहे, पण खांदा थोडा उतरलेला राहिला. बापूसाहेब म्हणाले, बघ पोरी, तो शपथ घेतोय, खोलीचंही जरा अडचणीचं झालंय, तू काय म्हणतीस.

या ऑफिसात ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. पोपटकडे तिनं पाहिलं, रागानं नाही.

"मालक, त्यांनी सुधरावं. चांगलंच हाय. पर ते सुधारलं का न्हाई हे बघायला मी घरात नको."

हौसरावानं घसा साफ केला. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, म्हणजे आता पुढचं हनुमंतानं आवरावं. आणि मला कसं सुचलं ठाऊक नाही, मी म्हणालो, "साहेब, बॉयलरवाल्याला माझ्या घरी ठेवतो. माझी बाहेरची खोली मोकळीच हाय."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण त्याच वेळी बाहेरून पुण्याच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला. पॅकिंगच्या सगळ्या बायका ऑफिसच्या दाराबाहेर उभ्या होत्या, भामाबाई पुढे. घोषणा नाही, काही नाही. मशीन तेवढं कुणी सुरू केलं नव्हतं. टाकी भरलेली होती आणि ऊन वर आलं होतं.

बापूसाहेबांनी एकदा त्या बायकांकडे बघितलं, एकदा हौसरावाकडे. दूध आणि मतं, दोन्ही नासणाऱ्याच गोष्टी. त्यांनी टेबलावरची टोपी उचलून घातली. "हौसराव, चहा घ्या आन् निघा. बाई न्हाई म्हणती. खोली तिच्याकडंच ऱ्हाईल." मग माझ्यावर डाफरले की बसलायस काय, गाडी सोड.

१६ मार्च, गुरुवार

पोपट काल संध्याकाळी फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. काही केलं नाही, नुसता उभा. नकुशीनं खिडकी लावून घेतली, पण धनश्री रात्री दचकून उठली म्हणे. वॉचमन आहे, भामाबाईचं घर हाकेवर आहे, तरी पोरगी घाबरलीच.

हे मी सहज घरी बोललो. आक्का ऐकत होती. मग उठली, आपली गोधडी, तांब्या आणि काठी असं सगळं दाराशी आणून ठेवलं. कुठं निघालीस विचारलं तर म्हणाली, "त्या पोरीकडं ऱ्हायला."

मी म्हटलं, आक्का, तुझं वय काय, तू तिथं काय राखण करणार.

"राखण कशाला. संगं न्यायचं म्हंजी संगं ऱ्हायचंबी असतं. आईला न्हेली, तवा दोन दिवसांनी दादा आला आन् समदी आपापल्या बिऱ्हाडात गेली. मीबी लगीन होऊन गेले." तिनं काठी उचलली. "मग तिच्यापाशी कुणी न्हवतं."

दादा परत आल्यावर पुढं काय झालं हे मी तिला आजवर कधी विचारलं नव्हतं. आज विचारावं असं वाटलं, पण तिनं लूनाच्या मागं बसायला हात पुढे केला होता.

गोधडी पुढे, आक्का मागे, असं तिला प्लँटवर सोडून आलो. नकुशीनं आतून कडी काढली. आक्काच्या हातातला तांब्या घेतला आणि भरून ठेवला.

आता घरात मी एकटा. बॉयलरवाला उद्या येतोय, बिहारकडचा आहे म्हणे, भात खातो. आज भाकरी मीच थापली, जाड झाली, एका बाजूनं करपली. तीच खाल्ली. पलीकडच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. मी हातातला घास ठेवला, उठलो आणि त्यांचं दार वाजवायला गेलो.